जो स्वर स्क्रीनवर दिसत नाही

मागच्या वर्षी मी एका देवळातली घंटा फोनवर रेकॉर्ड केली. घरी येऊन लॅपटॉपवर तिचं एफएफटी केलं, म्हणजे त्या आवाजात कुठल्या कंपनसंख्या किती जोरात आहेत ते मोजलं. मग ‘मॅक्स’ या सॉफ्टवेअरमध्ये त्या सगळ्या कंपनसंख्या एकत्र वाजवल्या. कोड बरोबर होता, पण आवाज स्वस्तातल्या डोअरबेलसारखा आला. तरी त्यावर पाच मिनिटांची ‘रचना’ केली आणि परदेशातल्या एका अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत पाठवली. नकार आला. नोकरी सोडून हे शिकायला जायचं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

त्याच सुमारास जोनाथन हार्वी या ब्रिटिश संगीतकाराची ‘मोर्तुओस प्लांगो, विवोस वोको’ ही १९८० सालची रचना ऐकली. लॅटिन नावाचा अर्थ साधारण असा: मृतांसाठी शोक करते, जिवंतांना हाक मारते. इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलच्या मोठ्या घंटेवरच्या कोरीव लेखातून हे शब्द आले आहेत. रचना जेमतेम नऊ मिनिटांची आणि तिचं सामानही दोनच आवाजांचं. एक ती घंटा, दुसरा हार्वीच्या मुलाचा, जो तिथल्याच गायकवृंदात गायचा. पॅरिसच्या ‘इर्काम’ या संस्थेत हार्वीने हे दोन आवाज संगणकावर घेतले. म्हणजे मी केलं तेच त्याने केलं होतं, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी आणि माझ्या फोनपेक्षा कितीतरी मंद यंत्रावर. मग फरक कुठे पडला?

हार्वीने या कामावर नंतर एक लेख लिहिला. त्यातला एक तपशील मला अजून सोडत नाही. घंटेचा मूळ स्वर सी. विश्लेषणात तिचे उपस्वर एकेक करून सापडतात. पण घंटा वाजली की ३४७ हर्ट्झच्या आसपास एक एफ स्वरही स्वच्छ ऐकू येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. स्पेक्ट्रममध्ये तो वेगळा उपस्वर म्हणून सापडत नाही. इतर उपस्वरांच्या मेळातून तो कानात तयार होतो. मी असते तर म्हटलं असतं, डेटात नाही म्हणजे नाही. हार्वीने कानावर विश्वास ठेवला आणि त्या एफला आपल्या रचनेत जागा दिली.

तंबोऱ्याजवळ बसलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. गंधाराची तार नसते, तरी तंबोरा नीट जुळला की स्वयंभू गंधार ऐकू येतो. तिथलं भौतिकशास्त्र वेगळं आहे, तो गंधार उपस्वर म्हणून तारेत खरोखर असतो. पण तो ऐकू यायला लागणारी सवय तीच. ती लागेपर्यंत कितीतरी विद्यार्थी नुसता तंबोरा छेडत बसलेले असतात.

हार्वीचीही अशी वर्षं झाली होती. लहानपणी तो स्वतः गायकवृंदात होता, चेलो वाजवायचा. एर्विन स्टाइन आणि हान्स केलर यांच्याकडे तो शिकला, मग १९६९-७० मध्ये प्रिन्स्टनला मिल्टन बॅबिटकडे. इर्काममध्ये ही रचना करताना तो चाळिशी ओलांडलेला होता. तांत्रिक बाजूला स्टॅन्ली हेन्स मदतीला होता. इंजिनिअर म्हणून मला हेन्सचं नाव मोठ्या अक्षरांत हवंय. पण रचना ऐकताना कबूल करावं लागतं, की कुठल्या उपस्वरावर थांबायचं हा निर्णय मदतनिसाच्या हातात नव्हता.

रचना आठ भागांची आहे आणि प्रत्येक भाग घंटेच्या एकेका स्वरावर उभा आहे. मुलाचा आवाज घंटेत विरघळतो, घंटा मुलाच्या गळ्यातून बोलायला लागते. कुठे आवाज खरा आणि कुठे संगणकाने घडवलेला, हे चौथ्यांदा ऐकूनही मला सांगता आलं नाही. सगळंच जमलंय असं नाही. मधल्या काही घसरत्या स्वरांत आज प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक ऐकू येतं, ‘बघा, हेही करता येतं’ असं. शिवाय रचना आठ स्पीकरांसाठी आहे. श्रोता घंटेच्या पोटात बसलाय आणि मुलाचा आवाज त्याच्याभोवती उडतोय, अशी ती कल्पना. इयरफोनमध्ये त्यातलं फार थोडं उरतं. तरी फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, एवढं माझ्यासाठी करा.

आज इर्कामच्याच ‘कर्सस’ या प्रशिक्षणात तरुण संगीतकार मॅक्स शिकतात. हे सॉफ्टवेअर जन्मलंही तिथेच, ऐंशीच्या दशकात, मिलर पकेटच्या हातून. माझ्यासारख्याला वाटतं, मॅक्स येतं म्हणजे अर्धा रस्ता झाला. पण तिथे येणारे आधी संगीतकार असतात, मॅक्स त्यांना नंतर भेटतं. मी उलट्या टोकाने निघाले होते.

परवा त्याच देवळात गेले. फोन खिशातच ठेवला. गर्दी ओसरल्यावर एकदाच टोल दिला आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत उभी राहिले. शेवटी शेवटी एक स्वर वर आला, जो माझ्या आलेखात नव्हता असं मी शपथेवर सांगेन. पुढच्या अर्जाचं अजून ठरलेलं नाही. सध्या रोज सकाळी कामाआधी अर्धा तास तंबोरा जुळवते. अजून बेसूरच आहे.