घरच्यासारखी

धन्याला शहाणपण शिकवणारा चाकर ही विनोदाची फार जुनी मिरास. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९६१ ते १९६६ या काळात गाजलेली 'हेझल' ही मालिका याच जातीची. टेड की या व्यंगचित्रकाराच्या कुंचल्यातून १९४३ साली जन्मलेली ही मोलकरीण पडद्यावर उभी केली ती शर्ली बूथ या ऑस्कर-विजेत्या अभिनेत्रीने. आणि १५४ भागांत बॅक्स्टर वकिलांच्या घरात तिने यथेच्छ नाक खुपसले. वकीलसाहेबांचे पथ्य असो, बाईंचे पाहुणे असोत की पोराचे खेळ, हिचा शब्द शेवटचा! बूथबाईंचा अभिनय इतका सहज की हा आगाऊपणा आपल्याला मायाच वाटू लागतो.

माझी तक्रार त्या मायेविषयीच आहे. शेवटच्या पर्वात धनी-धनीण मध्यपूर्वेत जातात आणि हेझल त्यांच्या मुलासह धन्याच्या भावाच्या बिऱ्हाडी येते. जिने घर चालवले, तीच घरातल्या सामानासारखी या दारातून त्या दारात जाते; आणि आपण हसत राहतो.

आपल्याकडे याच सुमारास, १९६३ साली, यशवंत पेठकरांचा 'मोलकरीण' आला. मुलाच्याच घरी राबणारी आई सुलोचनाबाईंनी अशी रंगवली की पदर ओला न करता उठणे कठीण. पण वाचकहो, आपले डोळे भरतात ते ती आई आहे म्हणून. ती नुसतीच मोलकरीण असती तर? तिकडे हसू, इकडे आसू; राबणाऱ्या बाईला तिच्या कामाचा मान दोन्हीकडे नाही.

आमचा भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. दिवाळीच्या तोंडावर ती चिंचेने घासून लखलखीत करणारे हात पुष्कळ घरांत घरच्या बाईचे नसतात. त्या हातांच्या धनिणीला आपण कौतुकाने 'घरच्यासारखी' म्हणतो. 'सारखी' हा शब्द किती सोयीचा! त्यात जिव्हाळा आहे. पण रजा नाही, पगारवाढ नाही. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाने २००८ साली तिला 'कामगार' म्हटले. कायद्याला सुचलेला हा शब्द आम्हा लेखकांच्या लेखणीला मात्र अजून जड जातो.

'हेझल' पाहून पोटभर हसावे. मात्र हसून झाल्यावर एवढे जरूर विचारावे : हिच्या स्वतःच्या घरी दिवाळी केव्हा?