‘एकांगी’ म्हणजे काय? : खैरलांजीवरचे पुस्तक आणि आपला वाचक

राजकारण, गुन्हा आणि समाज यांवरचे पुस्तक हाती आले की आपल्याकडे त्यावर मत लगेच तयार होते. कवितेवर बोलताना माणूस दबकतो, ‘मला त्यातले कळत नाही’ म्हणतो. अशा पुस्तकावर मात्र प्रत्येकजण बोलतो, आणि बोलावेच. पण ही मते कुठून येतात, याचा विचार प्रस्थापित मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. तिच्या लेखी ललितेतर पुस्तक म्हणजे माहितीचे गाठोडे. त्याचा परिचय करून दिला की तिचे काम संपते.

येथे मी एकच पुस्तक घेतो : आनंद तेलतुंबडे यांचे ‘खैरलांजी’. नवयान प्रकाशनाने ते २००८ साली इंग्रजीत काढले. २०१० मध्ये ‘द पर्सिस्टन्स ऑफ कास्ट’ या नावाने त्याची पुढची मांडणी आली. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ते थेट वाचणारे थोडे. विहारातल्या अभ्यासवर्गात एखादा विद्यार्थी एक प्रकरण वाचून येतो आणि मराठीतून सांगतो. या ऐकणाऱ्यांनाही मी वाचकच म्हणतो. त्यांत कॉलेजची मुले आहेत, निवृत्त कामगार आहेत, चाकणला कंत्राटावर राबणारी आयटीआयची पोरे आहेत, घरकाम करणाऱ्या बायाही आहेत.

घटना सर्वांना ठाऊक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, तिची मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन यांना गावाने ठार मारले. भैयालाल तेवढे वाचले. शेजारच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली होती, त्या प्रकरणात सुरेखाने साक्ष दिली होती. वर्तमानपत्रांतून सुरुवातीला ‘अनैतिक संबंधा’ची गोष्ट छापून आली. विदर्भात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे राज्याला जाग आली, आणि तीही आंदोलनात नक्षलवाद्यांचा हात शोधण्यापुरती.

आमच्या प्राध्यापक मंडळींत या पुस्तकाबद्दल एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘एकांगी’. वास्तविक पोलिसांचे म्हणणे काय होते, गाव काय सांगत होते, वर्तमानपत्रांनी काय छापले, हे सारे पुस्तकात येते आणि तपासले जाते. मग उरलेले अंग कोणते, असे विचारले की समोरचा गप्प होतो. त्याची तक्रार पुराव्याबद्दल नसतेच. लिहिणाऱ्याचा आवाज शांत नाही, एवढेच त्याला खुपते. न वाचताच मत देण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. १९८७-८८ साली ‘रिडल्स’च्या खंडावरून महाराष्ट्र पेटला, शेवटी सरकारने ‘या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही’ अशा अर्थाची टीप घालून खंड ठेवला. विरोध करणाऱ्यांनी तो वाचला नव्हता हे आपण अजूनही सांगतो. मोर्चातून परतल्यावर आपल्यापैकी किती जणांनी वाचला, हेही कधीतरी मोजावे.

आपल्या माणसांचे मत वेगळे असते. ते म्हणतात, ‘यात नवीन काय? हे आपल्याला माहीतच आहे.’ मला ‘एकांगी’पेक्षा हे मत अधिक घातक वाटते. आपल्याला जे माहीत असते ते सवर्णांच्या अत्याचाराचे एक ठरीव चित्र. तेलतुंबडे त्या चित्रालाच हात घालतात. मारणारे मुख्यतः कुणबी आणि कलार, म्हणजे ओबीसी होते. ज्यांच्याशी बहुजन ऐक्याच्या घोषणा आपण तीस-चाळीस वर्षे दिल्या, ते हे लोक. आणि दुसरी गोष्ट अधिक अवघड : तपास आणि शवविच्छेदनाच्या यंत्रणेत दलित अधिकारी होते, तरी भोतमांग्यांना न्याय मिळण्याच्या कामी त्यांचे असणे उपयोगी पडले नाही. हा भाग सांगायची वेळ आली की आमचे वक्ते घड्याळाकडे पाहू लागतात. शिकून नोकरीत शिरलेल्या माझ्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला उद्देशूनच तो लिहिलेला आहे.

याउलट चाकणच्या एका कंत्राटी कामगाराने हे प्रकरण ऐकून सांगितले, ‘सर, हा तर आमचा खोलीमालक.’ ज्यांची जमीन एमआयडीसीत गेली त्यांतल्या कित्येकांनी उरल्या जागेत चाळी बांधल्या. खोली देताना आधी आडनाव विचारले जाते, भाडे नंतर. बुद्ध-आंबेडकरांचा फोटो भिंतीवर लागला की महिनाभरात ‘गावचा पाहुणा येणार आहे’ म्हणून खोली रिकामी करायला सांगतात. लाइनवर शेजारी उभा राहणारा, डबा वाटून खाणारा मित्र त्याच मालकाच्या भावकीतला असतो. खैरलांजीत जमीन आणि जात यांचा जो संबंध तेलतुंबडे दाखवतात, तो या पोराने भाड्याच्या पावतीत ओळखला. परिचय लिहिणाऱ्या किती विद्वानांना हे साधले असते?

पुस्तकात उणे नाही असे नव्हे. लेखकाची नजर अर्थव्यवहारावर आणि राज्यसंस्थेवर इतकी खिळलेली आहे की सुरेखा तिच्यामागे जाते. पोरांना शिकवणारी, जमिनीसाठी भांडणारी, कोर्टाच्या कामात मागे न हटणारी ही बाई स्वतः कशी होती, हे घरकाम करणाऱ्या बायांनी पुन्हा पुन्हा विचारले. पुस्तकातून त्यांना पुरेसे उत्तर मिळाले नाही, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

अलीकडे आणखी एक प्रश्न येतो : ‘हे पुस्तक घरात ठेवले तर चालेल ना?’ भीमा-कोरेगावनंतर तो येणारच. १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्याची एक फिर्याद पिंपरीच्याच पोलीस ठाण्यात नोंदली गेली होती. पुढे एल्गार प्रकरणात तेलतुंबडे एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२२ तुरुंगात राहिले. त्याच प्रकरणात दोघांना जामीन देताना जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसते साहित्य बाळगणे हा आपोआप दहशतवादी गुन्हा ठरत नाही. हे मी वर्गात सांगितले. पोरांनी ऐकून घेतले, पण दोघांनी पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेच.

निकालावरची चर्चा मात्र सर्वांत मोलाची झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहांना फाशी दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद केली. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडे लागला नाही. हेतू जातीचा नव्हता, साक्षीचा सूड होता, असे धरले गेले. भैयालाल २०१७ साली वारले. यावर त्याच कंत्राटी कामगाराने विचारले, ‘साक्ष एखाद्या कुणब्याच्या बाईने दिली असती तर तिचे अख्खे घर असे मारले असते का?’

तेलतुंबड्यांनी हे कसे मांडले आहे आणि न्यायाधीशांनी कसे, हे शेजारी ठेवून वाचायचे त्याने ठरवले आहे. उच्च न्यायालयाचे निकालपत्र इंग्रजीत आहे. ते मराठीत करण्याचे काम दोन विद्यार्थ्यांनी पाने वाटून घेऊन सुरू केले आहे.