दूरच्या बंदिवानाचा कैवार

परदेशातील बंदिवानाचा कैवार घेणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तुझा खर्च कोण भागवतो? आणि तुझ्या स्वतःच्या घरच्या बंदिवानांविषयी तू काय बोललास? विचारणाऱ्याचा हेतू पुष्कळदा कुत्सित असतो. परंतु तेवढ्यावरून प्रश्न खोटे ठरत नाहीत. साम्यवादी राजवटींत विचारस्वातंत्र्यासाठी छळ सोसणाऱ्यांची बाजू मुंबईत ज्यांनी मांडली, त्यांच्या कार्याची पारख याच दोन प्रश्नांनी करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही संस्था १९५० साली बर्लिन येथे स्थापन झाली. तिची भारतीय परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईस भरली. दिल्लीत भरवण्याचा मूळ बेत नेहरू सरकारला रुचला नव्हता. मिनू मसानी व जयप्रकाश नारायण हे तिचे येथील आधारस्तंभ होते. पुढे मराठीचे मर्मज्ञ समीक्षक प्रभाकर पाध्ये या संस्थेचे आशियातील कामकाज पाहू लागले. १९५६ साली हंगेरीत रशियन रणगाडे शिरले, १९५८ साली पास्तरनाकवर नोबेल पारितोषिक नाकारण्याची पाळी आली. अशा प्रसंगी या वर्तुळाची भूमिका निःसंदिग्ध होती. ज्या काळी आपल्याकडील कित्येक बुद्धिमंत मॉस्कोच्या अपराधांना 'संक्रमणकाळातील अपरिहार्यता' असे गोंडस नाव देत, त्या काळी ही निःसंदिग्धता थोडीथोडकी नव्हती.

मात्र १९६६-६७ साली उघड झाले की, या संस्थेला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा मिळत होता. येथील कार्यकर्त्यांपैकी किती जणांना ते ठाऊक होते, हा वाद निराळा. पैसा कोणाचा होता यावरून पास्तरनाकचे दुःख खोटे ठरत नाही, हे प्रथम स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु दात्याचे नाव झाकले गेले, आणि त्या झाकण्यानेच तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती आयते उत्तर दिले. साक्षीदार सत्य बोलत असला, तरी त्याला कोणी उभे केले हे लपवले गेले की ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो.

ख्रिस्ती वाचकाला हा मुद्दा विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. सुरतेच्या उत्तरेस कोसाडसारख्या वस्तीत मराठी कुटुंबांनी प्रार्थनेसाठी एकत्र जमावे, आणि 'यांच्यामागे विलायती पैसा आहे' हा शेरा शेजाऱ्याच्या ओठी यावा, ही गोष्ट कोणालाही नवलाची वाटणार नाही. अशा शेऱ्याला रागाने उत्तर देऊन भागत नाही. हिशेबाची वही उघडी ठेवावी लागते. परदेशी देणग्यांच्या नियमनाचा पहिला कायदा १९७६ साली, आणीबाणीत झाला. तो जाचक ठरला हे खरे. पण कायदा नसता तरी वही उघडी ठेवण्याचे आपले कर्तव्य टळत नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मसानींनी चोख उत्तर दिले. आणीबाणीत त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि १९७६ साली न्यायालयाने सेन्सॉरचे हुकूम रद्द ठरवले. ज्यांना अमेरिकेचे भाट म्हणून हिणवले गेले होते, ते स्वदेशातील दडपशाहीसमोर गप्प बसले नाहीत. हिणवणाऱ्यांपैकी भारतीय कम्युनिस्ट पक्षाने मात्र आणीबाणीला पाठिंबा दिला होता.

याहून विदारक उदाहरण वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे. सरोजिनी नायडूंचे हे बंधू लेनिनग्राड येथे मानववंशशास्त्राच्या संस्थेत काम करीत असत. १९३७ साली स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडले आणि सप्टेंबरात गोळी घातली. त्यांची दुसरी बहीण सुहासिनी जांभेकर मुंबईत, साम्यवादी चळवळीतच होती. भावाचा न्याय मागायचा तर तो ज्या राज्याकडे मागायचा, तेच राज्य तिच्या पक्षाचे तीर्थक्षेत्र होते. बहिणीला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण पास्तरनाकला जगभर कैवारी मिळाले, आणि आपल्या या देशबांधवाला तसे मिळाले नाहीत, एवढे नोंदवणे भाग आहे.

आणि मंडळीचे काय? नोव्हेंबर-डिसेंबर १९७५ मध्ये जागतिक मंडळी परिषदेचे अधिवेशन नैरोबी येथे भरले. मध्यवर्ती समितीचे अध्यक्षपद आपल्या एम. एम. थॉमस यांच्याकडे होते; मायदेशी आणीबाणी लागलेली होती आणि थॉमस तिच्याविरुद्ध लिहीत होते. अधिवेशनाला गेओर्गी नव्हे, तर ग्लेब याकुनिन हा रशियन पाळक व लेव्ह रेगेल्सॉन यांचे पत्र आले : आमच्या देशात श्रद्धावंतांचा छळ होतो, तुम्ही त्याविषयी बोला. पत्र अधिवेशनाच्या वृत्तपत्रात छापून आले, तेव्हा चांगलीच खळबळ उडाली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध परिषद नाव घेऊन बोलत आली होती, आणि ते योग्यच होते. पण रशियन ऑर्थोडॉक्स मंडळी १९६१ साली नवी दिल्लीच्या अधिवेशनात परिषदेची सभासद झालेली. तिचे प्रतिनिधी समोर बसलेले. वाद झाला, शब्द सौम्य करण्यात आले, आणि प्रकरण पुढील चौकशीसाठी सरचिटणीसांकडे सोपवण्यात आले. सभासदाला दुखवू नये ही भीती समजण्यासारखी आहे. तिला 'समेट' म्हणणे मात्र समजण्यासारखे नाही. याकुनिनला १९७९ साली अटक झाली, १९८० साली शिक्षा झाली, आणि तो १९८७ साली सुटला.