सर्वांत जड प्राणी : एका वजनाची तपासणी

निळा देवमासा हा पृथ्वीवर आजवर होऊन गेलेला सर्वांत जड प्राणी, हे वाक्य आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात एक शोधनिबंध आला आणि हे वाक्य बदलावे लागणार असे वाटू लागले. पेरू देशातील इका खोऱ्यात, सुमारे ३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडलेल्या ‘पेरूसीटस कोलोसस’ या देवमाशाचे वजन ८५ ते ३४० टन असावे, असे एली अ‍ॅमसन, जोव्हान्नी बियानुची आणि सहकाऱ्यांनी त्यात मांडले होते. बातम्यांत झळकला तो अर्थातच वरचा आकडा.

निबंधातला हाडांविषयीचा भाग उत्तम आहे. हाती आले ते १३ मणके, ४ बरगड्या आणि कटिभागाच्या हाडाचा तुकडा. ही हाडे फुगीर, जाड आणि आतून भरीव आहेत. उथळ पाण्यात तळाशी चरणाऱ्या समुद्रगायींची हाडे अशीच असतात. पाणबुड्या कमरेला शिसे बांधतो, त्यातलाच हा प्रकार. देवमाशांच्या कुळात ही गोष्ट या थराला गेलेली आढळणे, हाच खरा शोध. पूर्ण सांगाडा ५ ते ८ टनांचा असावा, हा अंदाजही मोजमापांवर आधारलेला आहे.

अडचण पुढच्या पायरीवर येते. एकूण वजनात हाडांचा वाटा किती, हे आजच्या सागरी सस्तन प्राण्यांवरून घेतले आणि त्यावरून देहाचे वजन काढले. आपणच गणित करून पाहू. सांगाडा ६ टन धरा. हाडांचा वाटा ६ टक्के मानला तर प्राणी १०० टनांचा. २ टक्के मानला तर ३०० टनांचा! हाडे तीच, बदलला तो फक्त गृहीत धरलेला अपूर्णांक. शिवाय ज्या प्राण्याचे वैशिष्ट्यच वाजवीपेक्षा जड हाडे हे आहे, त्याच्या बाबतीत हा वाटा कमी धरायला आधार काय?

दुसरी तपासणी आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. पाण्यात वावरणाऱ्या प्राण्याची सरासरी घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणजे एक टनाला साधारण एक घनमीटर. प्राण्याची लांबी १७ ते २० मीटर सांगितली आहे. २० मीटर लांबीत ३४० घनमीटर बसवायचे तर आडवा छेद सरासरी १७ चौरस मीटर, म्हणजे व्यास सुमारे ४.६ मीटर. तोही नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसारखा! प्राणी कसला, पाण्याची टाकीच. ज्या कुळात हा देवमासा मोडतो, त्यातले प्राणी तर लांब आणि सडपातळ.

फेब्रुवारी २०२४ मध्ये र्‍योसुके मोतानी आणि निकोलस पायेनसन यांनी ‘पीअरजे’ या नियतकालिकात हा हिशेब नव्याने मांडला. त्यांच्या मते १७ मीटर लांबीचा पेरूसीटस ६० ते ७० टनांचा भरतो आणि २० मीटरचा धरला तरी सुमारे ११४ टनांच्या पलीकडे जात नाही. १७ मीटरच्या देहात १८० टन कोंबले तर घनता इतकी वाढेल की त्याला पृष्ठभागावर राहणेच कठीण होईल. श्वासासाठी वर येणे ज्याला भाग आहे, त्याच्या बाबतीत हा आक्षेप साधा नव्हे.

निळ्या देवमाशाचे आकडेही तराजूवरचे नाहीत, हे येथेच सांगायला हवे. शिकारी जहाजांवर त्याचे तुकडे करून वजने घेतली जात; वाहून गेलेले रक्त अंदाजाने मिळवावे लागे. तरीही तो प्राणी अख्खा पाहिलेला आहे. १९९३ साली नामकरण झालेल्या अर्जेंटिनोसॉरसचे वजन थोड्या हाडांवरूनच सांगितले जाते. आपल्याकडचे उदाहरण त्याहून बिकट : तमिळनाडूत सापडलेला आणि १९८७ साली वर्णन केलेला ब्रूहत्कायोसॉरस. त्याची हाडे आता उरलेलीच नाहीत. आहेत ती वर्णने, रेखाटने आणि काही छायाचित्रे. तरी त्याला शंभर टनांहून अधिक वजन बहाल करणारे अंदाज निघतातच.

तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यात निळा देवमासा तूर्त पहिलाच राहू द्यावा. पेरूसीटसच्या चित्राखाली मात्र आकड्याबरोबर ‘१३ मणके, ४ बरगड्या’ एवढे लिहून ठेवावे. त्याची कवटी आणि दात २०२३ च्या निबंधात नाहीत. ते मिळाले, तर लांबीचा आकडाही हलेल आणि हे सगळे गणित पुन्हा मांडावे लागेल.