साठ टक्के आले कुठून?

अपघाताच्या दाव्यांवर संशोधन करायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक निकाल वाचायला सांगतो: राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सर्वोच्च न्यायालय, 2010. रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाची भरपाई कशी काढायची, यासाठी आजही याचाच आधार घेतला जातो. निकाल चांगलाच आहे. पण त्यात एक जागा रिकामी राहिली आहे, आणि तुमचा संशोधनप्रश्न कदाचित तिथेच सापडेल.

आधी चांगलं काय ते बघू. एखाद्या अवयवाचं अपंगत्व, सगळ्या शरीराचं अपंगत्व आणि कमाईची क्षमता किती गेली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे न्यायालयाने ठामपणे सांगितलं. उदाहरण डाव्या हाताचं आहे. हात कापावा लागला तर अपंगत्व साधारण 60 टक्के धरलं जाईल. पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ 100 टक्के बुडाली. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते, मग त्याचा तोटा तेवढा धरता येणार नाही.

आता हिशेब करू. समजा एक सुतार आहे, वय 32, कमाई महिना 15,000 रुपये. प्रणय सेठी (2017) निकालानुसार, स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भावी वाढ 40 टक्के. ही वाढ जखमींनाही मिळते, हे पप्पू देव यादव (2020) निकालात आलं आहे. म्हणजे महिना 21,000, वर्षाला 2,52,000. सरला वर्मा (2009) निकालाच्या तक्त्यात या वयाचा गुणक 16. माणूस जिवंत आहे, म्हणून स्वतःच्या खर्चाची वजावट नाही. गुणाकार 40,32,000. उपचारांचा खर्च, वेदनांची भरपाई वगैरे वेगळं; हा फक्त कमाईचा भाग.

याला तोट्याची टक्केवारी लावा. 100 टक्के धरले तर 40,32,000, 60 धरले तर 24,19,200 आणि 30 धरले तर 12,09,600. गुणक 16 ऐवजी 15 घेतला, तर 60 टक्क्यांवर फरक पडतो 1,51,200 चा. टक्केवारी 60 वरून 50 वर आली, तर फरक 4,03,200 चा! गुणकाचा तक्ता ठरलेला आहे, त्यावर फारसा वाद होत नाही. खरी ओढाताण टक्केवारीची असते.

माझी तक्रार इथे आहे. निकाल तीन प्रश्न विचारायला सांगतो. जखमी माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही? आधी काय काम करायचा? ते किंवा दुसरं काम करून पोट भरू शकेल का? प्रश्न अगदी बरोबर. पण उत्तरांवरून आकड्यापर्यंत जायचं कसं? ती पायरीच नाही. तीच कागदपत्रं बघून एक न्यायाधीश 50 लिहील, दुसरा 70, आणि दोघंही याच निकालाचा आधार देतील. चुकलं कोण, हे तुम्ही तपासणार कसं?

म्हणून ठरीव तक्ता आणा, असं मी म्हणत नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात इजेगणिक टक्के लिहिलेले होते. त्या टक्क्यांत सुतार आणि कारकून असा फरक केलेला नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की आकड्यासोबत त्याचं कारणही लिहिलेलं असावं.

आणखी एक गोष्ट, माझ्या फजितीची. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी छापील निकालांतली टक्केवारी एक्सेलमध्ये भरली, सरासरी काढली, खूश झालो. गाइडनी एकच विचारलं, “अरे, तडजोड केलेले यात कुठे आहेत?” ते नव्हतेच. लोक अदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे तो अपिलाच्या निकालांत सापडणार कसा? तडजोडीच्या कागदावर रक्कम असते, टक्केवारी कशी धरली हे बहुधा नसतं. ज्याला उद्याचं घरभाडं भरायचंय, तो वरच्या कोर्टापर्यंत थांबत नाही. माझी सरासरी थांबू शकलेल्यांची होती, आणि मी तिला सगळ्यांची म्हणत होतो.

तेव्हा या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर पहिल्याच पानावर दोन गोष्टी लिहा: तुमच्या नमुन्यात कोण नाही, आणि टक्केवारी कोणी, कशावरून ठरवली. नाहीतर तुमचा अंदाज वाचून कुणीतरी त्या सुताराला सांगेल, “बारा लाख मिळतायत ना, घेऊन टाक.”