पाच मिनिटांचा ईसीजी आणि 86 टक्क्यांची गोम

पेटची तयारी करत असाल तर डॉबरमन कुत्र्यांवरचा एक पेपर जरूर वाचा. म्युनिकच्या गेरहार्ड वेस आणि सहकाऱ्यांचा, 2010 चा. प्राणी तुमचा विषय नसला तरी चालेल.

या जातीत हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा आजार पुष्कळ. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि खालच्या कप्प्यांतून अवेळी ठोके पडत असतात. काही कुत्री अचानक कोसळून मरतात. ते ठोके मोजायचे तर होल्टर, म्हणजे 24 तास अंगावर बांधलेलं यंत्र. पाच मिनिटांच्या साध्या ईसीजीवर भागेल का, हा पेपरचा प्रश्न. 431 कुत्री, 875 तपासण्या. (म्हणजे तीच कुत्री पुन्हा पुन्हा आली आहेत, हे वाचतानाच टिपून ठेवायचं.)

दिवसाला 100 पेक्षा जास्त अवेळी ठोके, त्यांपैकी सुमारे 64 टक्के ईसीजीत सापडले. नसलेल्यांपैकी जवळपास 97 टक्के बरोबर वगळले गेले. आता कागद घ्या. दिवसात पाच मिनिटांचे 288 तुकडे. 100 ठोके कसेही वाटा, निदान 188 तुकडे कोरेच राहणार! मग 64 आले कुठून? बऱ्याच कुत्र्यांचे ठोके 100 च्या खूप वर असणार. म्हणजे आजार नुकता सुरू झालेलं कुत्रं, जे आधी सापडायला हवं, तेच जास्त निसटतं. एकच सरासरी आकडा वाचला तर हे कळतच नाही.

खरी गोम पुढे आहे. ईसीजीत एक जरी ठोका दिसला तर तो खरा ठरण्याची शक्यता सुमारे 86 टक्के, असं पेपर सांगतो. पण तिथल्या तपासण्यांत दोषी जवळपास चौथा हिस्सा होत्या. समजा तुमच्याकडच्या 1000 कुत्र्यांत 50 च आजारी आहेत. सापडतील 32, आणि उरलेल्या 950 मधून खोटे इशारे 31. म्हणजे 86 चे झाले निम्मे. यंत्र तेच, कुत्र्यांची जात तीच. व्हायवात हमखास अडवतात ते इथे.

तरी पेपर मला आवडतो. कळसाडीसारख्या गावात होल्टर कुठून आणणार? ईसीजीत एक अवेळी ठोका दिसला तर कुत्रं होल्टरसाठी शहरात न्यायचं कारण मिळतं. दिसला नाही तर मात्र कागदावर ‘नॉर्मल’ लिहायचं नाही, ‘पाच मिनिटांत दिसला नाही’ एवढंच लिहायचं.