टीए बिल: विश्वास आहे, पैसे नाहीत

संशोधनात आलात की कॉन्फरन्स आल्या, आणि परतल्यावर टीए बिलही आलंच. म्हणून आज पेपरऐवजी एका नियमाची चिकित्सा करू.

सातव्या वेतन आयोगानंतर, 2017 मध्ये केंद्र सरकारने प्रवासखर्चाच्या नव्या मर्यादा ठरवल्या. पुण्यातल्या केंद्रीय संस्थांनाही त्याच लागू. तेव्हा लेव्हल 14 आणि वर: हॉटेलला रोज 7500 रुपये, जेवणाला 1200. लेव्हल 5 आणि खाली: हॉटेलला 450, जेवणाला 500. म्हणजे जेवणात फरक 2.4 पट, खोलीत जवळजवळ 17 पट! महागाई भत्ता 50 टक्के वाढला की मर्यादा 25 टक्के वाढतात, पण सगळ्यांच्याच. प्रमाण तेच राहतं.

एक गोष्ट चांगली आहे. लेव्हल 8 पर्यंत हॉटेलचं बिल जोडावं लागत नाही, स्वतः लिहून दिलं की पुरतं. शब्दावर विश्वास आहे. पण इतक्या कमी पैशांत धड खोली कुठे मिळते? मग वरचे पैसे खिशातून, नाहीतर रात्र स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये.

माझंच सांगते. पहिल्या कॉन्फरन्सचा खर्च आधी मी केला, पैसे मिळाले चार महिन्यांनी. तुटपुंज्या फेलोशिपमधून संस्थेला बिनव्याजी कर्जच की हे!

खोटं बिल लावणं अनैतिक, यात वादच नाही. पण पाळता येईल असा नियम करणं हीसुद्धा नैतिकताच आहे. तेव्हा जॉइन होतानाच विचारा: आम्हाला कोणती लेव्हल लावता? अ‍ॅडव्हान्स मिळतो का? लाजू नका.